बाजार पडेपर्यंत थांबू का? फंड विकून बसलेल्या एका गुंतवणूकदाराला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. गेल्या वर्षी ‘मोठी घसरण येणार’ असं जिकडेतिकडे ऐकू येत होतं, म्हणून तुम्ही इक्विटी फंडांतले ९ लाख रुपये काढून बचत खात्यात ठेवलेत. घसरण काही आली नाही. तुम्ही विकलंत त्या पातळीपेक्षा बाजार आज ७ टक्के वर आहे. आता तुम्ही दोन गोष्टी विचारताय. बाजार पडेपर्यंत थांबू का? आणि ३५ हजारांचा टेक्निकल ॲनालिसिसचा, म्हणजे भावांचे चार्ट वाचण्याचा कोर्स केला, तर पुढच्या वेळी घसरण कधी येणार हे स्वतःचं स्वतःला ओळखता येईल का? तुम्ही चाळिशीत आहात, नोकरी पक्की आहे आणि मुलगी सातवीत आहे, हेही तुम्ही लिहिलंय.

मी सांगलीत नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करते. त्याआधी बरीच वर्षं एका ब्रोकरच्या शाखेत डीलर होते. थेट उत्तर द्यायचं तर थांबू नका. ठरलेल्या तारखांना टप्प्याटप्प्यानं परत शिरा. आणि बाजाराचा अंदाज येऊ लागेल या आशेवर तो कोर्स करू नका. या ९ लाखांतले किती पैसे पुढच्या तीन-चार वर्षांत लागणार आहेत, डोक्यावर कर्ज आहे का, अडीअडचणीसाठी वेगळी रक्कम बाजूला आहे का, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. उत्तराचा बराच भाग त्यावर अवलंबून आहे, त्याकडे शेवटी येते.

तुमचा अंदाज चुकला ही मला खरी अडचण वाटत नाही. अंदाज बरोबर आला असता तरी तुम्ही आज बहुधा याच जागी उभे असता. हे कसं, ते एका उदाहरणावरून सांगते.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात. त्यांना विचारून, नाव न घेता लिहितेय. माझ्या कार्यालयात एक शिरस्ता आहे. बाजार अमुक करणार म्हणून कुणाला खरेदी-विक्री करायची असेल, तर आधी एका वहीत चार गोष्टी लिहायच्या: आजची तारीख आणि निफ्टी, पुढे काय होईल असं वाटतं, ते कधीपर्यंत, आणि विकल्यावर परत कधी, कोणत्या भावाला घेणार. फेब्रुवारी २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात सरांनी लिहिलं, ‘निफ्टी १२,१००. चीनमधला आजार जगभर जाणार, कारखाने बंद पडणार, बाजार कोसळणार. सगळं विकतो.’ चौथा रकाना त्यांनी कोरा ठेवला. ‘ते तेव्हाचं तेव्हा बघू,’ म्हणाले.

त्यांचा अंदाज पुरता खरा ठरला. २३ मार्चला बाजाराला खालचं सर्किट लागलं, व्यवहार ४५ मिनिटं थांबले आणि पुन्हा सुरू झाल्यावर घसरण आणखी वाढली. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त पडला. निफ्टी ७,६१० वर बंद झाला. सर १२,१०० ला बाहेर पडलेले. इतकी नेमकी विक्री मी माझ्या कामात क्वचितच पाहिलीय. मी त्यांना फोनवर चौथा रकाना भरायला सांगितला. त्यांनी लिहायला लावलं, ‘६,००० ला घेणार. लॉकडाऊनचा खरा परिणाम अजून दिसायचाय.’ त्या दिवशीच्या बातम्या बघता यात काही वावगं नव्हतं.

एप्रिल संपता संपता निफ्टी ९,८५० च्या पुढे गेला. सर म्हणाले, ही उसळी फसवी आहे. जूनमध्ये तो १०,००० च्या वर गेला. सर म्हणाले, तिमाहीचे आकडे येऊ देत, मग बघा. आकडे आले ३१ ऑगस्टला. एप्रिल ते जून या तिमाहीत जीडीपी २३.९ टक्क्यांनी आकसला होता. सरांना वाटत होतं त्याहूनही वाईट. त्या दिवशी निफ्टी ११,४०० च्या आसपास होता! नोव्हेंबरमध्ये त्यानं जानेवारीतला उच्चांक मागे टाकला आणि तो १२,६०० च्या वर गेला, तेव्हा कुठे सरांनी परत खरेदी केली. विकलं होतं त्याहून चढ्या भावात, आणि मधल्या नफ्यावर कर भरून.

आजाराबद्दल ते बरोबर होते, अर्थव्यवस्थेबद्दल बरोबर होते आणि बाजार पडण्याबद्दलही बरोबर होते. तरी हाती काही लागलं नाही, कारण बाजारातून बाहेर पडणं हा अर्धाच निर्णय असतो. परत कधी शिरायचं हा दुसरा निर्णय पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतो, आणि ‘बाजार पडणार’ असं सांगणारा कुणीही त्याबद्दल बोलत नाही.

थोडं गणित करू. समजा, बाहेर पडण्याची वेळ तुम्ही दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखता. हेसुद्धा फार मोठं कसब झालं. परत शिरण्याची वेळही दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखता. दोन्ही एकमेकांपासून वेगळे धरले, तर दोन्ही बरोबर येण्याची शक्यता शंभरात ३६. उरलेल्या ६४ वेळा कुठेतरी एका टोकाला चूक होणार, आणि कर व खर्च मात्र शंभरही वेळा भरावे लागणार.

सरांना जून-जुलैमध्येच परत का शिरता आलं नाही? विकणाऱ्या माणसाच्या मनात एक गुंतवणूक वेगळीच होऊन बसते: आपण बरोबर होतो हे सिद्ध व्हायला हवं. भाव वर गेला की ‘आता महाग झालं’ असं वाटतं. खाली आला की ‘अजून येईल’ असं वाटतं. शिवाय आपल्याला हवा तो भाव जेव्हा खरंच येतो, तेव्हा तो अशी भयंकर बातमी सोबत घेऊन येतो की खरेदीचं बटण दाबायला हात धजावत नाही. २३ मार्च २०२० ला ७,६१० हा भाव सगळ्यांच्या समोर होता. टीव्हीवर तेव्हा काय चाललं होतं ते आठवून बघा.

आता तुमच्या प्रश्नाला हेच लावून पाहू. तुम्ही विकलंत तो भाव १०० धरा, आज १०७ आहे. उद्या बाजार १० टक्के पडला तर तो येईल ९६ च्या जवळ. म्हणजे बातम्यांत जिला ‘मोठी घसरण’ म्हणतील ती येऊनही तुमचा फायदा होणार पावणेचार टक्क्यांचा, आणि विकताना कर लागला असेल तर त्यातूनही वजा. घसरण येण्याआधी बाजार आणखी १५ टक्के चढला तर तो १२३ वर जाईल, आणि मग १५ टक्के पडला तरी १०४.६ वरच थांबेल. तुम्ही ज्या घसरणीची वाट बघताय ती अगदी आली, तरी तुमच्या विक्रीच्या भावाच्या वरच राहील. ‘बाजार पडणार’ हे म्हणणं बहुतेक वर्षांत खरं ठरतं, कारण वर्षभरात कधी ना कधी दहाएक टक्क्यांची घसरण आपल्याकडे नेहमीची आहे. ती कुठून सुरू होते, हे कळल्याशिवाय त्या भाकिताचा तुम्हाला उपयोग काय?

दुसरा खड्डा थोडा खोल आहे, आणि हुशार, वाचन करणारी माणसं त्यातच जास्त सापडतात. बातमी बरोबर ओळखली म्हणजे बाजार ओळखला, असं त्यांना वाटतं. भाव मात्र बातमीवर हलत नाही. लोकांनी जे धरून ठेवलंय त्यात आणि प्रत्यक्ष घडलं त्यात जो फरक पडतो, त्यावर हलतो.

४ जून २०२४ आठवा. लोकसभेचा निकाल. १ जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोल आले आणि बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या. सोमवारी, ३ तारखेला, सेन्सेक्स २,५०७ अंकांनी चढला. मंगळवारी मतमोजणीत भाजप २४० वर थांबला आणि त्या एका दिवसात सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी पडला. बुधवारी २,३०३ अंकांनी परत चढला. शुक्रवारी तो ७६,६९३ या नव्या उच्चांकावर बंद झाला. ‘सरकार हेच येणार’ असं ज्यांनी म्हटलं होतं त्यांचा अंदाज बरोबर होता. सरकार तेच आलं, पंतप्रधान तेच राहिले. तरी सोमवारी त्या अंदाजावर घेतलेले सौदे मंगळवारी दुपारपर्यंत बुडाले होते, कारण सोमवारच्या भावात साडेतीनशे जागा आधीच धरलेल्या होत्या. मंगळवारी घाबरून ज्यांनी फंड विकले, त्यांच्याकडे शुक्रवारी बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्याकडे त्या मंगळवारी जितके फोन आले तितके त्या वर्षात दुसऱ्या कुठल्याच दिवशी आले नाहीत, आणि प्रत्येकाला मी एकच विचारत होते: हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत?

उलट्या बाजूनंही असंच घडतं. २०१९ च्या सप्टेंबरात वातावरण मलूल होतं. गाड्यांचा खप घटलेला, वाढीचा दर ५ टक्क्यांवर आलेला. २० सप्टेंबरला जीएसटी परिषदेसाठी गोव्यात आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सकाळी पणजीत पत्रकार परिषद घेऊन कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. सेन्सेक्स त्या दिवशी १,९२१ अंकांनी वर गेला, आणि सोमवारी आणखी हजारावर. कुठल्याही चार्टवर ती पत्रकार परिषद दिसत नव्हती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबरला, रिझर्व्ह बँकेनं रेपो दर पाव टक्क्यानं कमी केला. पुस्तकी हिशेबानं बाजार चढायला हवा. सेन्सेक्स ४३३ अंकांनी पडला, कारण कपात सगळ्यांनी धरलेलीच होती आणि बँकेनं वाढीचा अंदाज ६.९ वरून ६.१ टक्क्यांवर आणला, तो कुणी धरला नव्हता.

बाजाराची बरीचशी कमाई अशा थोड्या दिवसांत एकवटलेली असते, आणि ते दिवस बहुतेकदा वाईट दिवसांच्या शेजारीच येतात. बाहेर बसलेल्याला वाईट दिवस टाळता येतात हे खरं, पण त्याच्या शेजारचा चांगला दिवसही त्याच्या हातून जातो.

आता कोर्सबद्दल. चार्ट वाचणं ही भोंदूगिरी आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांचं पोट ट्रेडिंगवर आहे असे थोडे लोक मी जवळून पाहिलेत, आणि ते चार्ट वापरतात. पण बाजार कुठे जाणार हे कळावं म्हणून ते वापरत नाहीत. आपण चुकलो हे कुठल्या भावाला मान्य करायचं आणि एका सौद्यात किती पैसे लावायचे, हे ठरवण्यासाठी वापरतात. दिवसातले निम्मे सौदे तोट्यात गेले तरी त्यांचं बिघडत नाही, कारण तोटा आधीच ठरलेला आणि लहान असतो. ते पूर्ण वेळाचं काम आहे. नोकरी सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर करायचं काम ते नाही.

आणि मला काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. असे कोर्स फार वेळा ऑप्शनवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याचा हक्क विकत घेण्याच्या सौद्यांवर, येऊन थांबतात. तिथे दिशा बरोबर ओळखूनही पैसे जातात. समजा, निफ्टी २४,००० वर आहे आणि एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपायचा दिवस, तीन दिवसांवर आहे. तुम्हाला वाटतं बाजार वाढणार, म्हणून तुम्ही २४,२०० चा कॉल, म्हणजे त्या भावाला घेण्याचा हक्क, ९० रुपयांना घेता. एका सौद्यातला लॉट ७५ चा धरला तर ६,७५० रुपये गेले. तीन दिवसांनी निफ्टी २४,१५० वर बंद होतो. बाजार दीडशे अंकांनी वाढला, तुमचा अंदाज बरोबर, आणि कॉलची किंमत शून्य. फायद्यात यायला निफ्टी २४,२९० च्या वर जायला हवा होता आणि तोही त्याच तीन दिवसांत. म्हणजे दिशा, किती आणि कधीपर्यंत, या तिन्ही गोष्टी एकदम जुळायला हव्यात.

सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी मी प्रत्येक तरुण ग्राहकाला वाचायला लावते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त, माणशी सरासरी २ लाखांच्या आसपास. सलग दोन वर्षं तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक तरीही खेळत राहिले. मग पैसे मिळाले कुणाला? २०२३-२४ मध्ये ब्रोकर संस्थांच्या स्वतःच्या खात्यांनी ३३ हजार कोटी आणि परकीय गुंतवणूकदार संस्थांनी २८ हजार कोटींचा ढोबळ नफा कमावला, आणि त्यातला जवळजवळ सगळा संगणकी अल्गोरिदमनं. तुमच्या चार्टवर जे चित्र दिसतं ते त्या यंत्रांनी तुमच्या कितीतरी आधी वाचलेलं असतं.

कोर्स करायचाच असेल तर शिकवणाऱ्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. सल्लागाराचा ‘आयएनए’नं आणि संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’नं सुरू होतो, आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं हेही स्पष्ट केलं की, निव्वळ शिक्षण देणाऱ्यानं किमान तीन महिने जुनेच भाव वापरावेत. चालू भावावर ‘आज हे घ्या’ सांगणारा तुम्हाला शिकवत नसतो, टिप देत असतो. आणि नक्की परताव्याची हमी देणाऱ्याचं पुढचं वाक्य ऐकायला थांबू नका.

अंदाज सांगणारे नेहमी बरोबर का वाटतात, हेही बघण्यासारखं आहे. सकाळी टीव्हीवरचं वाक्य नीट ऐका: ‘२४,००० चा सपोर्ट टिकला तर २४,४०० पर्यंत तेजी, तुटला तर २३,६०० पर्यंत घसरण संभवते.’ यात बाजार वर, खाली किंवा तिथेच, काहीही झालं तरी वक्ता चुकत नाही. टेलिग्रामवरची तऱ्हा याहून वाईट. एकच माणूस आठ गट चालवतो. चार गटांत ‘घ्या’ म्हणतो, चारांत ‘विका’. जे चार चुकले ते बंद करतो, उरलेल्या चारांत पुन्हा दोन-दोन. तिसऱ्या फेरीनंतर एक गट असा उरतो की त्यात सलग तीन टिपा खऱ्या ठरलेल्या असतात, आणि त्या गटातल्या माणसांना वाटतं की देवमाणूस भेटला. पैशांची मागणी तिथून सुरू होते. म्हणून वहीत लिहायचा माझा आग्रह असतो. लिहिलेलं भाकीत तारीख, पातळी आणि मुदतीसह डोळ्यांसमोर राहतं. बोललेलं प्रत्येक जण सोयीनं आठवतो.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग डोळे मिटून दीर्घकाळ धरून ठेवायचं, एवढंच ना? एवढंच असतं तर बरं झालं असतं. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहताच्या तेजीच्या टोकावर, सेन्सेक्स ४,४०० च्या पुढे होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो ३,००० च्या आसपास होता. जपानच्या निक्केईनं डिसेंबर १९८९ मधला उच्चांक ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. बाजार शेवटी वरच जातो, हेसुद्धा एक भाकीतच आहे, आणि त्यावरही सगळं लावणं बरोबर नाही. म्हणून किती पैसे शेअर बाजारात ठेवायचे हा प्रश्न मी बाजाराकडे बघून सोडवत नाही. ते पैसे कधी लागणार, आणि मधे निम्मे झालेले दिसले तर घरात काय होईल, हे बघून सोडवते.

आमच्या सांगलीत हळदीचे व्यापारी आहेत. पीक किती आलं, गोदामांत किती पडून आहे, पाऊस कसा झाला, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तरी त्यांच्यातली जुनी जाणती माणसं सगळा माल एका भावाला काढत नाहीत. थोडा हंगामात, थोडा नंतर, थोडा अगदी गरज पडेल तेव्हा. भावाचं ज्ञान असूनही ते भावावर सगळं टांगून ठेवत नाहीत. तुमच्या ९ लाखांचं मला नेमकं हेच करायचंय.

आतापर्यंतचं एवढं धरून चला: बाहेर पडण्याइतकाच परत शिरण्याचा निर्णय लागतो, घसरण आली तरी ती तुमच्या विक्रीच्या भावाखाली येईलच असं नाही, आणि बातमी ओळखता आली म्हणून भाव ओळखता येत नाही. आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

सगळ्यात आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. बँकेची एफडी किंवा लिक्विड फंड (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा फंड) चालेल. नोकरी पक्की असली तरी हे कराच, कारण पडत्या बाजारात विकायची वेळ बहुतेकांवर येते ती भीतीनं नाही, पैशांच्या निकडीनं. दुसरं, मुलगी सातवीत आहे, म्हणजे कॉलेजच्या प्रवेशाचे पैसे पाचेक वर्षांत लागतील. त्यातला पहिल्या वर्षाच्या फीचा भाग मी आतापासूनच शेअर बाजाराबाहेर ठेवेन. त्यापुढच्या वर्षांचा भाग अर्धा बाहेर, अर्धा इक्विटीत. आणि ती जसजशी बारावीजवळ येईल तसतसा दरवर्षी थोडा बाहेर काढायचा, बाजार कसाही असो. व्याजाचं महाग कर्ज असेल, विशेषतः पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डाचं, तर ते आधी फेडा. त्या व्याजाइतका परतावा बाजार खात्रीनं देऊ शकत नाही.

उरलेली रक्कम, जी सात-आठ वर्षं लागणार नाही, ती इक्विटीत परत न्यायची. एकरकमी की टप्प्यानं? आकडेमोड एकरकमीच्या बाजूनं आहे, कारण बाजार चढण्याचे महिने पडण्याच्या महिन्यांपेक्षा जास्त असतात. तरी तुम्हाला मी टप्पेच सांगेन. एकदा घाबरून विकलेला माणूस सगळे पैसे एका दिवशी घालतो आणि पुढच्याच महिन्यात ८ टक्क्यांची घसरण येते, तेव्हा तो पुन्हा विकतो; हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. रक्कम लिक्विड फंडात ठेवा आणि सहा ते नऊ महिन्यांची एसटीपी लावा, म्हणजे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम तिथून इक्विटी फंडात जाईल. तारीख कुठलीही चालेल. महत्त्वाचं इतकंच की, तुम्ही न विचारता ती आपोआप घडायला हवी. फंड साधा निफ्टी इंडेक्स फंड असला तरी पुरे.

एसटीपी सुरू करण्यापूर्वी एका कागदावर तीन वाक्यं लिहा आणि पत्नीला किंवा घरातल्या जाणत्या माणसाला वाचायला द्या. बाजार मध्येच १० टक्के पडला तर एसटीपी थांबवणार नाही. २० टक्के पडला तर उरलेले हप्ते एकदम घालणार. बाजार वाढत गेला तरी घाईनं सगळं घालणार नाही. हे पडझडीच्या दिवशी ठरवता येत नाही; तेव्हा माणूस ठरवत नसतो, पळत असतो.

आणि एक कठोर आकडा आधीच डोळ्यांसमोर ठेवा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. मार्च २००९ मध्ये तो ८,१६० वर होता. त्या हिशेबानं ९ लाखांचे साडेतीन लाख झालेले दिसले असते, आणि जुनी पातळी परत दिसायला २०१० ची दिवाळी यावी लागली. असं पुन्हा होणार का, कधी होणार, हे मी सांगणार नाही. पण झालं तर तुम्ही काय कराल? ‘विकेन’ असं प्रामाणिक उत्तर असेल, तर इक्विटीचा हिस्सा आत्ताच कमी ठेवा, एकूण पैशांच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी. परतावा थोडा घटेल, पण मध्येच उठून जायची वेळ येणार नाही.

चार्टबद्दलची ओढ फारच असेल, तर कोर्सच्या ३५ हजारांऐवजी वेगळ्या खात्यात दहा-पंधरा हजार ठेवा, ऑप्शनला हात न लावता फक्त शेअर घ्या आणि प्रत्येक सौद्याआधी वहीत ते चार रकाने भरा. वर्षभरानं त्या खात्याची कमाई, ब्रोकरेज आणि कर वजा करून, निफ्टीच्या वाढीशी ताडून बघा. वही मला दाखवलीत तर मीही मन लावून वाचेन.

कराचं थोडक्यात: एक वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या इक्विटी फंडांवरचा नफा आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत असेल तर कर नाही, त्याहून जास्तीच्या नफ्यावर १२.५ टक्के. एका वर्षाच्या आत विकलेल्या युनिटांवर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. नव्यानं घेतलेल्या युनिटांचं वर्ष नव्यानं मोजलं जाईल, आणि बऱ्याच फंडांत वर्षाच्या आत बाहेर पडलं तर एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडण्याचा आकारही बसतो. विकलेल्या युनिटांचं कॅपिटल गेन स्टेटमेंट (नफ्या-तोट्याचा तपशील) कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडून ईमेलवर मागवून घ्या, विवरणपत्र भरताना लागेल. कर्ज किती, महिन्याचा घरखर्च किती आणि मुलीच्या कॉलेजसाठी साधारण किती धरलेत, हे कळवलंत तर ९ लाखांची विभागणी आकड्यांसकट मांडून देते.